हंडा भरेपर्यंत

गेल्या मंगळवारी सकाळी माझी प्रार्थना चुकली.

अंगात ताप होता. सून म्हणाली, "आई, आज उठू नका," आणि मीही शहाण्या बाईसारखी पडून राहिले. एरवी कोणाचं ऐकणारी मी नाही, पण त्या दिवशी डोळेच उघडेनात. नेहमीच्या वेळी बाहेर फोन वाजला. सुनेने घेतला, हळू आवाजात दोन वाक्यं बोलली आणि ठेवला. उमरेडहून माझ्या दादाचा असणार, दुसऱ्या कोणाचा? रोज त्याच वेळी येतो. त्याचं विचारणंही रोज तेच आणि माझं उत्तरही तेच. आज त्याला ते उत्तर मिळालं नाही, एवढं त्या ग्लानीतही कळलं.

एक दिवस प्रार्थना चुकली म्हणून काय आभाळ कोसळतं? नाही कोसळत. देव हजेरी घ्यायला बसलेला नाही, एवढी अक्कल मला या वयात आली आहे. पण माझ्या या नेमाची सुरुवातच मुळी धास्तीतून झाली. ती धास्ती कधीच गेली, तरी तिचा एक काटा कुठेतरी राहिला आहे, आणि तो लेंट आला की हटकून टोचतो.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे आमचे उपवासाचे दिवस. नागपुरात ते नेमके कडुनिंबाची पानं गळायला लागली की येतात. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत सध्या झाडणाऱ्या बाईचा जीव मेटाकुटीला आला आहे. इकडे ती झाडते, तिकडे वाऱ्याची एक झुळूक येते आणि पुन्हा सगळं होतं तसं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. संध्याकाळी तापलेल्या भिंती घरात ऊन सोडत राहतात. उमरेडच्या रस्त्याला पळस पेटला असेल. अशा दिवसांतही मी रोजच्यासारखी पहाटे उठते, स्वयंपाकघरातल्या नळाखाली हंडा लावते आणि तो भरेपर्यंत शेजारी उभी राहते. सून पहिल्या वर्षी हसायची. "आई, वर टाकी भरून वाहतेय. तुम्ही हंडा कशाला लावता?" मी म्हणायचे, "सवय गं." दुसरं काय सांगणार? त्या एका शब्दात आमच्या घराचा एक अख्खा उन्हाळा आहे, तो तिला चहा ढवळता ढवळता कसा सांगायचा?

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही मिशनच्या आवारातल्या बैठ्या क्वार्टरांत राहायचो. एका रांगेत सगळी ख्रिस्ती कुटुंबं, समोर एक मोठा कडुनिंब आणि त्याच्या बुंध्याशी सगळ्यांचा मिळून एक नळ. पपा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. सायकलवरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना औषधाचा गोडूस कडवट वास असायचा. तो वास आला की आम्ही आवाज खाली आणायचो. पपा मारत नसत, ओरडतही नसत. फक्त बघायचे. त्यापेक्षा दोन रट्टे बरे, असं वाटायचं.

दिवेलागणीला आमच्या घरी प्रार्थना व्हायची. भाजी झाकलेली, पोळ्या फडक्यात गुंडाळलेल्या, पोटात कावळे ओरडतायत, आणि आम्ही सगळे सतरंजीवर गुडघे टेकून, खाटेच्या काठावर कोपरं ठेवून बसलेलो. आधी वाचन, मग एकेकाची पाळी. सगळ्यात धाकटी रूथ, मग मी, मग शांतवनदादा, मग आई, आणि शेवटी पपा. पपांची प्रार्थना लांबलचक आणि छापील मराठीत. एरवी "मले", "तुले" बोलणारा हा माणूस गुडघ्यांवर बसला की "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्रपणे येतो" असा सुरू व्हायचा. रूथला त्या वेळी हटकून हसू यायचं. मग मी तिला चिमटा काढायचे, ती मला काढायची, आणि पाय मुंग्यांनी बधिर झालेले असायचे.

या प्रार्थनेच्या शेवटी पपा आमची नावं घ्यायचे. शांतवन, करुणा, रूथ. प्रत्येक नावापुढे त्या दिवशी त्या मुलाला जे हवं असेल ते. करुणाच्या गणितासाठी, रूथच्या खोकल्यासाठी. मग सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हणायचं, आणि मगच ताटं. पपांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आमेन म्हणजे बाटलीचं बूच. ते नसन त आतलं औषध कितीही चांगलं असो, उडून जाते." म्हणून आमेन सगळ्यांनी म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं. प्रार्थना एकाची असली तरी बूच सगळ्यांनी मिळून लावायचं, असा आमच्या घरचा कायदा.

दादाचं नाव पहिलं यायचं, ते नुसतं तो थोरला म्हणून नव्हे. तान्हा असताना तो तापाने जवळजवळ गेलाच होता. तेव्हा पपांनी देवाला शब्द दिला होता की हा वाचला तर तुझ्या सेवेला देईन. दादा वाचला. लहानपणापासून त्याला येणारे-जाणारे "छोटे पाळकसाहेब" म्हणायचे, आणि तो बिचारा कान पाडून हसायचा. पुढे त्याला सेमिनरीत धाडलं. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होण्याचं शिक्षण. पपांची मान तेव्हा अशी काही ताठ झाली होती की सायकलवरसुद्धा ते उंच दिसायचे.

त्या वर्षी लेंटच्या पहिल्याच आठवड्यात दादा अचानक घरी आला, ट्रंकेसकट. ट्रंक पाहून आईचा चेहरा उतरला. कोणी काही विचारलं नाही. दिवेलागण झाली, आम्ही गुडघ्यांवर बसलो. रूथ झाली, मी झाले. दादाची पाळी आली आणि दादा गप्प.

आम्ही वाट पाहिली. बाहेर कोणीतरी नळावर बादली आपटली.

"म्हण न," पपा डोळे न उघडता म्हणाले.

"पपा, मले नाही जमून राहिलं."

"शब्द सुचत नसतील त पाठ केलेले म्हण."

"शब्द सुचते न पपा. तेच त. तोंड चालते आणि आत काहीच नाही. तिकडं रोज उभं राहून म्हणायचो, लोकं वा वा करायचे. मले लाज वाटायची. मी आता नाही जाणार तिकडं. उमरेडले कोळशाच्या खाणीत काम भेटलं, हजेरी लिहायचं. उद्या सकाळच्या बसनं जातो."

पपांनी डोळे उघडले. त्यांचे हात खाटेच्या काठावर होते, ते तसेच राहिले. "म्हणजे देवाले दिलेला माह्या शब्द?"

"तो तुम्ही दिला होता, पपा. मले विचारलं नव्हतं."

बाप्पा! आमच्या घरात पपांना असं कोणी बोललं नव्हतं. मी खाली सतरंजीची दशी बघत बसले. आई म्हणाली, "अवो, जाऊ द्या, आज थकून आला तो," पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

पपा अगदी शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. या घरात जो प्रार्थना करत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना होणार नाही."

दुसऱ्या दिवशी दादा गेला. आईने फडक्यात दशम्या बांधून दिल्या, त्या त्याने घेतल्या. पपा तेव्हा सायकल पुसत होते. ते पुसतच राहिले.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा खाटेशी बसलो, दादाच्या जागी सतरंजीचा तुकडा रिकामा. पपांची प्रार्थना नेहमीसारखी चालली. आजाऱ्यांसाठी, अनाथांसाठी, देशासाठी, पाळकसाहेबांसाठी. मग पपा म्हणाले, "आणि आमची लेकरं. करुणा…"

माझं नाव पहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव पहिलं आलं. खरं सांगते, मला त्या क्षणी पपांचा राग आला. भीती वाटायला हवी होती, पण राग आला. मग रूथचं नाव झालं, "आमेन" झालं. मी म्हटलं, रूथने म्हटलं, पपांनी म्हटलं. आईचे ओठ मिटलेले होते.

मी नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. आई वाढायची, विचारायची, बोलायची, सगळं जिथल्या तिथे. पपांना पन्हं करून द्यायची, त्यांच्यासाठी माठातलं पाणी वेगळं काढून ठेवायची. फक्त त्यांच्या प्रार्थनेला आमेन म्हणायची नाही. पपांनाही ते ऐकू येत होतं, म्हणजे ऐकू येत नव्हतं. ते एक क्षण थांबायचे आणि मग उठायचे. दोघांपैकी कोणीही त्यावर एक अक्षर बोललं नाही. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात असं भांडण चाललं होतं, देवासमोर, डोळे मिटून. जेवताना वरण कमी पडलं तरी मागायचा धीर व्हायचा नाही.

आणि याच दिवसांत माझी दृढीकरणाची तयारी सुरू होती. ईस्टरला आम्हा मुलींना पाळकसाहेबांसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करायचा होता. शिकवायला मार्थाबाई यायच्या. आवारातल्या म्हाताऱ्या बायबलबाई, घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या, पांढरं लुगडं, पायात पुरुषी चपला, आवाज असा की पलीकडच्या क्वार्टरातलं बाळ उठायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला फैलावर घेतलं.

"रोज एकटीनं प्रार्थना करता काय वं पोरींनो?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"घरची होते त्याच्यात बसता, ते नाही विचारून राहिली मी. एकटीनं. दात घासता न रोज? मग? एक वेळ ठरवा, एक जागा ठरवा. मन लागो न लागो, जाऊन उभं राहा. मन येते मागून, लंगडत लंगडत."

"पण बोलायचं काय, मार्थाबाई?" मी विचारलं.

"ज्याच्यासाठी जीव तुटते त्याचं नाव घ्यायचं. बाकी देव पाह्यते."

आता ही जागा आणि वेळ आणायची कुठून? दोन खोल्यांत पाच, आता चार माणसं. पहाटे पाणी भरायचं काम माझं होतं, तेवढाच वेळ माझा एकटीचा. तर मी नळावर हंडा लावायचा, कडुनिंबाला टेकायचं आणि तो भरेपर्यंत प्रार्थना करायची असं ठरवलं. पहिल्या दिवशी "हे परमदयाळू" म्हणून सुरुवात केली आणि पुढे काही सुचेना. पपांचे शब्द माझ्या तोंडात मोठे होत होते. मागून शेजारची मावशी ओरडली, "ए करुणा, झोपली काय वं? हंडा सांडून राहिला!" झाली प्रार्थना.

दुसऱ्या दिवशी मी नुसतं "शांतूदादा" म्हटलं. बस.  घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी घेतही नव्हतं. मला वाटायला लागलं की आता हे नाव देवाकडे पोचवणारी मी एकटीच आहे. आई मनात घेत असेलच, आई ती, पण ते मला दिसत नव्हतं. आणि नळावरच्या बाया बोलायच्या, उमरेडच्या खाणीत सुरुंग लावतात म्हणे, दगड उडतात म्हणे. दादाचं काम हजेरीचं आहे, तो सुरुंगापासून लांब बसतो, हे मला कोण सांगणार? मला तर रात्रंदिवस तो दगडांखालीच दिसायचा. मग ठरवून टाकलं. एक दिवसही चुकवायचा नाही. मी चुकले त्याच दिवशी काही झालं तर?

हा काही विश्वास नव्हे, कळतं मला. नुसता धसका होता. मार्थाबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी कान पिळला असता. पण माझ्या नेमाचं पहिलं पाणी तेच. आणि गंमत बघा, ऊन वाढत गेलं तशी नळाची धार बारीक होत गेली. आधी हंडा चटकन भरायचा, मग करंगळीएवढी धार, मग नुसती सुतळी. हंडा भरायला वेळ लागायला लागला आणि माझी प्रार्थना लांबत गेली. नाव झालं की मग दादाचं जेवण, दादाचं झोपणं, उमरेडचं ऊन, पपांचा हट्ट, आईचे मिटलेले ओठ, सगळं यायला लागलं. भांडायचेसुद्धा मी देवाशी. "पपांले सांग न तू काही! त्यांचं तुझं त रोज बोलणं होते!" असं. मोठमोठ्या शब्दांची गरजच पडेना. लोक म्हणतात प्रार्थनेची ओढ लागावी लागते. मला आधी पाण्याची टंचाई लागली.

तेव्हाच कधीतरी संध्याकाळच्या प्रार्थनेत ते सुरू झालं. पपा म्हणाले, "आणि आमची लेकरं…" आणि थांबले. अगदी श्वासाइतकं. मग "करुणा." मला वाटलं भास झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. आणि ती जागा रोज थोडी थोडी रुंद व्हायला लागली. आधी एक श्वास, मग आवंढा गिळल्याचा आवाज, मग चक्क शांतता. आम्ही डोळे मिटून त्या शांततेत बसायचो. रूथ माझा हात घट्ट धरायची. आता म्हणतील. आता. आईचा श्वास ऐकू यायचा.  आणि मग पपा म्हणायचे, "करुणा." माझ्या स्वतःच्या नावाचा मला वीट आला होता हो! वाटायचं ओरडून सांगावं, माझं नाव नका घेऊ, मला काही नको, गणितात नापास झाले तरी चालेल.

एकदा पपा दवाखान्यातून आले ते ओट्यावरच बसून राहिले. बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या नाहीत. आईने पाणी दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उमरेडचा एक माणूस आणला होता आज. हातावर दगड पडला. मीच पट्टी बांधली." आई उभीच राहिली. "पोरगा होता," पपा म्हणाले. "वीस-बावीसचा." मग उठून हात धुतले, खूप वेळ धुतले. त्या संध्याकाळची ती शांतता मला आजही अंगावर येते. इतकी लांबली की बाहेरच्या कडुनिंबाची पानं पत्र्यावर पडताना ऐकू आली. मी मनात म्हणत होते, म्हणा पपा, म्हणा, म्हणा. पपांच्या घशातून काहीतरी निघालं, अर्धवट. आणि मग, "करुणा."

आई उठली आणि चुलीकडे गेली. आमेनची वाटसुद्धा पाहिली नाही.

लेंटमध्ये मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, प्रार्थनासभा घरोघरी फिरते. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. सतरंज्या अंथरायच्या, दाटीवाटीने बसायचं, गाणी, वाचन, पाळकसाहेबांचे चार शब्द, आणि शेवटी घरधन्याने आपल्या घरासाठी प्रार्थना करायची. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन, जवळ असलेल्यांचं आणि लांब असलेल्यांचंही. मग सगळ्या मंडळीने आमेन म्हणायचं, आणि चहा-चिवडा. आमची पाळी ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या, दुःखसप्ताहाच्या, अगोदर आली.

सकाळी चिवड्याला पोहे भाजता भाजता आई म्हणाली, "आज घराची प्रार्थना तुम्हीच कराल न?"

"मग? कोण करन?"

"काही नाही. विचारलं," आई म्हणाली आणि पोहे हलवत राहिली. पपा तिच्याकडे बघत उभे राहिले, मग सायकल घेऊन निघाले.

संध्याकाळी घर भरलं. खिडकीत माणसं, ओट्यावर माणसं. उकाडा असा की हातपंखे थांबत नव्हते. मार्थाबाई माझ्या शेजारीच बसल्या. पाळकसाहेबांच्या बाजूला आवारातले सगळ्यात वयस्कर सलोमनकाका, ज्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याने हवं तेवढंच यायचं. गाणी झाली, वाचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आता या घरासाठी प्रार्थना." सगळे गुडघ्यांवर आले. पपांनी सुरुवात केली. आवाज खणखणीत, छापील मराठी, कुठे अडणं नाही. लोक मधून मधून "होय प्रभू" म्हणत होते. मी रूथचा हात शोधला.

"आणि हे पित्या, या घरातील आमची लेकरं…"

पपा थांबले.

हातपंखे थांबले. मंडळी वाट बघत होती. दादा सेमिनरी सोडून गेला हे सगळ्यांना माहीत होतं, कुजबुज तर आवारभर झाली होती. कोणाचं तरी बाळ कुरकुरलं, त्याला गप्प केलं. पपा बोलेनात. मी डोळे किलकिले करून पाहिलं. त्यांची मान खाली होती, कानशिलावरून घाम ओघळत होता. मी म्हटलं, देवा, आता नाही तर कधीच नाही.

आणि तेवढ्यात सलोमनकाका दणदणीत आवाजात म्हणाले, "आमेन!"

बिचाऱ्यांना वाटलं, संपली. आणि मंडळीचं कसं असतं, एकाने आमेन म्हटलं की तोंडं आपोआप उघडतात. पुढच्या दोघांनी म्हटलं, मग ओट्यावरच्यांनी, मग सगळं घर "आमेन" म्हणून मोकळं झालं. गुडघे सुटले, पाय लांब झाले, कोणी खाकरलं. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "चहा ठेवा बा." पपा तसेच बसले होते. त्यांच्या प्रार्थनेला मंडळीने बूच लावून टाकलं होतं, आत दादाचं नाव नसताना. सुटले होते ते, खरं म्हणजे. आता गुपचूप उठले असते तर कोणी काही म्हणालं नसतं.

"अजून झाली नाही."

आई होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, गुडघ्यांवरून हललेली नाही. आमची आई सभेत कधी तोंड उघडायची नाही, चहा देताना "घ्या" एवढंच. "बसा सगळे," ती म्हणाली. "प्रार्थना झाली नाही अजून. यांचं पहिलं लेकरू राह्यलं."

 पाळकसाहेबच आधी परत गुडघ्यांवर आले. मग एकेक करत सगळे. सलोमनकाका "काय झालं? काय झालं?" म्हणत होते, त्यांना मार्थाबाईंनी खाली बसवलं.

पपांनी तोंड उघडलं. "हे परमदयाळू…" एवढंच आलं. पुन्हा म्हटलं, "हे परम…" आणि ते शब्द मोडले. इतकी वर्षं रोज बिनचूक येणारे शब्द, त्या दिवशी आलेच नाहीत. मग जे आलं ते पपांनी देवासमोर कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"देवा, माह्या शांतू… माह्या शांतूले सांभाळ गा. तो बोलत नाही तुह्याशी, नाही बोलला तरी चालते. तू बोल त्याच्याशी. मी त्याले घरातून काढलं नाही, देवा, पण प्रार्थनेतून नाव काढलं. मले त्याची लय आठवण येऊन राहिली. त्याच्यावर दगड नोको पडू देऊ."

आणि पपा रडले. पंधरा-वीस माणसांसमोर, औषधाच्या वासाचे हात तोंडावर घेऊन, मोठ्याने. माझं आणि रूथचं नाव त्या दिवशी राहूनच गेलं, आणि मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

त्यानंतरचं आमेन आईने म्हटलं. सगळ्यांच्या आधी, एकटीने. एवढ्या दिवसांचं साठलेलं.

दादा ईस्टरला आला. निरोप कोणी धाडला, आईने की पपांनी, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. दिवेलागणीला आम्ही बसलो तेव्हा तो दारातच उभा राहिला. पपा म्हणाले, "ये, बस. जेवून जाजो." तो सतरंजीवर बसला, आपल्या जागी. रूथ झाली, मी झाले, मग दादाची पाळी, आणि पपांनी एक क्षणही न दवडता म्हटलं, "आता तुह्यी आई." त्याला विचारलंच नाही. त्या दिवशीच नाही, नंतरही कधीच नाही. नाव मात्र रोज पहिलं आलं, पपा होते तोवर. दादा घरी असला की त्या आमेनला नुसती मान हलवायचा.

दादा पुन्हा प्रार्थनेकडे वळला नाही. चांगला माणूस, कामसू माणूस, उमरेडमध्ये संसार केला, निवृत्त झाला. मी माझं हंड्याचं सोडलं नाही. दगडाची भीती कधीच संपली, पण पहाटे पाण्याचा आवाज आला की नाव आपसूक येतं. ज्या सवयीला भीतीने रोवलं, ती सवय भीती गेल्यावरही उभी राहिली, तर तिला काय म्हणायचं? मी प्रार्थना म्हणते. आई-पपा गेल्यावर एकदा मी दादाला ही नळाची गोष्ट सांगितली. तो हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन सुरू झाला. "भरला काय वं हंडा?" "भरला." "मग ठीक आहे." आणि ठेवून द्यायचा. मी त्याला कधी विचारलं नाही की बाबा, तुला काय त्याचं? पपांनी विचारलं नव्हतं, मी कशाला विचारू?

तर गेल्या मंगळवारी हंडा भरला नाही. सुनेने त्याला सांगितलं, आईंना ताप आहे, अजून उठल्या नाहीत. दिवसभर मी पडून होते. संध्याकाळी, बरोबर दिवेलागणीला, पुन्हा फोन वाजला. असा अवेळी तो कधी करत नाही. मी स्वतःच उठून घेतला.

"कसं आहे वं?"

"उतरला ताप. अरे, सकाळी माझा हंडा…"

"मी लावला," दादा म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. "कुठं लावला?"

"इथं. घरच्या नळाखाली. दुसरा कुठं लावू?" त्याचा आवाज चिडका झाला. लाजला की तो चिडतो. "भरेपर्यंत उभा राहिलो. दुसरं काही आलं नाही. तुह्यं नाव घेतलं."

 फोनमधून पंख्याची घरघर तेवढी येत होती.

"पण बूच लावायले इथं कोणीच नव्हतं," दादा म्हणाला. "सकाळपासून तशीच उघडी आहे ती. तू म्हण न."

मी भिंतीला धरलं, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, "आमेन."